दहावी बातमी

१

एकोणीसशे नव्व्याण्णव साली बारामतीत भिगवण रस्त्याला, बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर आमचं माहिती केंद्र होतं. दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, एक फोन, एक फॅक्स आणि कामाला मी एकटी. खालच्या फवारणीच्या औषधांचा उग्र वास जिन्याने वर यायचा आणि दुपारपर्यंत खोलीत भरून राहायचा. आमच्या वरकुटे गावात कॉम्प्युटर शिकलेली मी पहिलीच मुलगी, म्हणून दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचं फार कौतुक होतं. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली होती. "कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, करुणा. आधी तपासायचं."

हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते मी जमेल तेवढं तपासलं होतं.

माझं काम साधं होतं. सकाळी साडेसातला मोडेम लावायचा. तो पुण्याचा नंबर फिरवायचा, थोडा वेळ किंचाळायचा आणि गप्प व्हायचा. मग 'वेचणी' सुरू करायची. वेचणी हे आमच्या प्रोग्रॅमचं नाव. तो इंदापूरच्या युवराजने लिहिला होता. युवराज पुण्यात नोकरीला होता आणि केंद्राचं काम हौसेनं करायचा. त्या वर्षी परदेशातल्या काही वेबसाइट आपल्या पानांशेजारी एक छोटी यादी ठेवायला लागल्या होत्या. तिच्यात बातमीचं नाव, तिचा पत्ता आणि वेळ, एवढंच असायचं. ज्या साइट अशी यादी ठेवत नसत, त्यांच्या पानावरची ठळक अक्षरं वेचणी स्वतःच उचलायची. तिच्याकडे सतरा पत्ते होते. ती दर तासाला एकेका दारात जायची, काय आहे ते बघायची, आधी घेतलेलं सोडून द्यायची आणि फक्त नवीन तेवढं घेऊन यायची.

त्यातून मी पावसाचा अंदाज, साखरेचे भाव, मुंबई-दिल्लीची आणि जगाची एखादी खबर निवडायची, मराठीत करायची आणि मोठ्या अक्षरांत एक पान काढायची. पानावर नऊ बातम्या मावायच्या. इंदापूर आणि लासुर्ण्याच्या वाचनालयांत हे पान फॅक्सने जायचं. नद्यांच्या संगमावरच्या नरसिंहपूरच्या वाचनालयात फॅक्स नव्हता, फोन होता. तिथं अकरा वाजता रामहरीआबा एका हातात रिसीव्हर आणि दुसऱ्या हातात खडू घेऊन उभे राहायचे. मी वाचायची, ते मोठ्याने म्हणत फळ्यावर लिहायचे, आणि बाकावर बसलेली दहा-बारा माणसं ऐकायची.

आबा निवृत्त पोस्टमन. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण रोजच्या बोलण्यानं माणूस कळतो. एखादा शब्द अडला तर म्हणायचे, "थांबा ताई, खडू अडला." शेवटी मी विचारायची, "लिहिलं का आबा?" ते म्हणायचे, "लिवलं. नऊच्या नऊ पोच." आणि फोन ठेवायचे. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या हातात कागद दिले होते. पोच दिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

२

सप्टेंबरातला मंगळवार होता. मी नऊ बातम्या वाचल्या आणि विचारलं, "लिहिलं का आबा?"

"लिवलं. धाच्या धा पोच."

"नऊ, आबा."

"न्हाय वो, धा. फळा माझ्या म्होरं हाय की."

मी हसले. "बरं, दहावी वाचा बघू."

ते अक्षर लावत लावत वाचू लागले. "संगमावर पाणी शांत. घाटावर एक माणूस पाठमोरा बसला आहे."

माझ्यासमोरच्या पानावर असं काही नव्हतं. शेवटची बातमी पोर्तुगालमधल्या कुठल्याशा पुलाची होती.

"ही मी सांगितली नाही, आबा."

"आता काय म्हनावं! तुमीच सांगितली. मी लिवताना म्हनलो बी, का आज आपल्या गावची बातमी आली. ही समदी हसली. इचारा की ह्यांना."

मागून कुणीतरी "व्हय, व्हय" म्हणालं. मला वाटलं, बाकावरच्या एखाद्याने गंमत केली असेल आणि आबांनी त्याच ओघात लिहून टाकलं असेल. म्हातारा माणूस, एक कान फोनला, एक कान खोलीत. मी विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी नववी बातमी संपल्यावर आबा स्वतःच म्हणाले, "आज बी धा. 'घाटावरचा माणूस उठला. त्याच्या पायात चप्पल नाही.'" या वेळी मागं कुणी हसलं नाही.

मी फोन ठेवला आणि लगेच लासुर्ण्याला लावला. तिथलं वाचनालय मालनबाई सांभाळायच्या. त्या फॅक्सचा कागद हातात घेऊन मोजू लागल्या. नऊ. इंदापूरलाही नऊ. फक्त नरसिंहपूरला दहा, आणि तिथंच फक्त बातम्या माझ्या तोंडून जात होत्या.

हा विचार मनात आला तेव्हा मी तो झटकून टाकला. वाचून दमलेला माणूस कधी कधी एखादी ओळ दोनदा वाचतो. पण नसलेली ओळ कुणी वाचत नाही.

३

गुरुवारी मी घरून टेपरेकॉर्डर आणला. दादा त्यावर भाषणं ऐकायचे. फोनशेजारी ठेवला, कोरी कॅसेट घातली आणि अकराला बटण दाबून वाचायला सुरुवात केली. प्रत्येक बातमीला पानावर पेन्सिलने टिंब केलं. नऊ टिंबं झाली.

"लिहिलं का आबा?"

"लिवलं. धा." मग आवाज उतरवून म्हणाले, "ताई, त्यो वर यायला लागलाय, न्हाय?"

"कोण?"

"तुमीच म्हनालात की आत्ता. पायऱ्या चढतोय म्हनून."

फोन ठेवून मी कॅसेट उलटी फिरवली. बाहेर ऊन कडक होतं. खाली दुकानात कुणीतरी मक्याच्या बियाण्यावरून वाद घालत होतं. मी दार लोटलं, कडी मात्र लावली नाही. का ते आता सांगता येणार नाही.

टेपमध्ये पंख्याची घरघर होती, तिच्यावर माझा आवाज. पहिली, दुसरी, तिसरी. मध्येच रस्त्यावरचा एस.टी.चा हॉर्न. आठवी. नववी, तो उसाच्या जातीबद्दलचा मजकूर, आणि त्यातल्या एका शब्दावर मी अडखळले होते तेही जसंच्या तसं.

मग माझाच आवाज म्हणाला, "दहा. माणूस घाटाच्या पायऱ्या चढतो आहे. तो सावकाश चढतो. त्याला वाट आठवते आहे."

आणि लगेच, "लिहिलं का आबा?"

मी ते चार वेळा ऐकलं. आवाज माझाच होता, त्यात शंका नव्हती. घोगरा नाही, बदललेला नाही, वाचताना माझा येतो तसाच कोरडा. फक्त एक गोष्ट होती. प्रत्येक बातमीच्या आधी मी श्वास घेतल्याचं ऐकू येत होतं. दहावीच्या आधी श्वास नव्हता.

४

शनिवारी युवराज पुण्याहून आला. मी त्याला आधी टेप ऐकवली. तो खांदे उडवून म्हणाला, "तू वाचलंस आणि विसरलीस. रोज तेच काम केलं की होतं असं माणसाला."

"मग ती ओळ आली कुठून? मी मनाने रचली?"

ते त्यालाही पटलं नाही. तो मशीनपुढं बसला. वेचणी कुठं गेली, किती वाजता गेली, काय घेऊन आली, याची एक नोंद मशीन ठेवायचं. त्याने ती उघडली आणि बोटाने ओळी मोजत खाली जाऊ लागला. सतरापाशी त्याचं बोट थांबलं. खाली अजून एक ओळ होती.

"अठरावा पत्ता तू टाकलास?"

"मला टाकता येत नाही."

त्या पत्त्याला नाव नव्हतं, नुसते आकडे होते. युवराज त्यांच्याकडे बघत राहिला. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "हा बाहेरचा पत्ताच नाही. प्रत्येक मशीनला स्वतःला हाक मारायला एक पत्ता असतो. हा तो आहे. म्हणजे वेचणी सतरा घरं फिरून झाल्यावर स्वतःच्याच दारात येते आणि काही नवीन आहे का बघते."

"आणि?"

"इथं तसली यादीच नाही. काही मिळायलाच नको." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "पण रोज एक नवीन मिळालंय."

मजकुराची जागा रिकामी होती. त्यापुढच्या रकान्यात रोजच्या तारखेला एकच शब्द होता: पोचवलं.

"कुणी पोचवलं?" मी विचारलं.

युवराजने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मैत्री नव्हती. मग तो घाईघाईने कामाला लागला. अठरावी ओळ पुसली, वेचणी बंद केली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सतरा पत्ते. तासभर वाट पाहिली. सतराच.

"झालं," तो म्हणाला. "कुठला तरी घोळ असणार. मी घरी नेऊन बघतो." पण नेण्यासाठी त्याने काही घेतलं नाही. चहा अर्धा ठेवून तो निघाला आणि जिन्यावरून म्हणाला, "काही दिवस फोनवर वाचू नकोस, करुणा. एस.टी.ने कागद पाठव."

५

सोमवारी अकराला मी आबांना शेवटचा फोन केला. काही वाचलं नाही. सांगितलं, उद्यापासून कागद इंदापूरच्या गाडीने येईल, कंडक्टर देईल.

पलीकडे खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आबा हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, एवढं बंद करू नगा."

"कागदावर त्याच बातम्या असतील, आबा."

"नऊ असत्याल. धावी नसंल." त्यांनी तोंडाशी हात धरला असावा, आवाज जवळ आला. "त्यो आमचा समाधान हाय."

मला त्यांना मुलगा आहे हेही माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. समाधान भोसरीला कंपनीत होता. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी खोलीवरून बाहेर पडला तो परत आलाच नाही. ना भांडण, ना चिठ्ठी. आबांनी पोलिसांत खेटे घातले, फोटो छापले, दवाखाने पालथे घातले. "सगळ्या मुलकाची पत्रं मी घरोघर नेली," ते म्हणाले. "माझ्या घरला एक ओळ आली न्हाय. आन् आता येतीया. तुमच्या तोंडून येतीया, ताई. अनवानी हाय म्हनलात, व्हय ना? त्याची चप्पल खोलीवरच राहिली हुती."

"आबा, ती बातमी नाही. मशीनचा घोळ आहे. मी तपासलंय."

"तुमी मशीन तपासलं. त्यो देवळामागं येऊन थांबलाय, हे काय मशीनला ठावं हुतं?"

देवळामागचं मी वाचलं नव्हतं. त्या दिवशी मी एक अक्षर वाचलं नव्हतं. मी फोन ठेवून दिला.

मी रजा टाकली आणि वरकुट्याला गेले. दादांना सगळं सांगितलं. त्यांनी टेप पुन्हा पुन्हा लावून ऐकली. शेवटी म्हणाले, "आवाज तुझा आहे. कसं झालं ते मला कळत नाही. पण त्या माणसाला तुझ्या आवाजानं आशा लागली आहे, हे मला कळतं. ती तू समोर जाऊन सोडवायला पाहिजेस." मला ते पटलं, आणि तरी मी तीन दिवस घरात बसून राहिले. तो दोष माझा.

शुक्रवारी केंद्रात आले तर दार उघडेपर्यंत आत फोन वाजत होता. बाईमाणसाचा आवाज होता. त्या रामहरीआबांच्या बायको, मुक्ताबाई. गावातल्या एस.टी.डी. बूथवरून बोलत होत्या.

"ताई, तुमच्या पाया पडते. रोज फोन करताय त्यो बंद करा. ह्यांनी जेवान सोडलंय. मला दोन ताटं वाढाया लावत्यात. एक सवताचं, एक दाराकडं तोंड करून. सवताचं तसंच राहतंय आन् दुसरं रिकामं हुतंय. म्या वळून बघितलं की काय न्हाय."

"मावशी, मी सोमवारनंतर फोन केलेला नाही."

त्यांचा श्वास ऐकू येत राहिला.

"मंग काल कोन बोललं?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्यामागं वाचनालयात गेले हुते, म्या सवता उचलला हुता फोन. तुमीच हुता. मला म्हनलात, मावशी, दार उघडं ठेवा."

६

शनिवारी पहाटेची पहिली गाडी पकडून मी इंदापूरला आणि तिथून बावड्यामार्गे नरसिंहपूरला गेले. निघण्याआधी केंद्रात जाऊन कॉम्प्युटरची, मोडेमची आणि फोनची, तिन्ही वायरी काढल्या आणि पिशवीत घातल्या. वाटभर हात पिशवीवर ठेवला होता.

नरसिंहपूरला उतरले तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. स्वच्छ ऊन होतं. भीमा आणि नीरा जिथं मिळतात तिथलं पाणी मातकट आणि संथ होतं. घाटावर दोन बायका धुणं धूत होत्या. वाचनालय विचारत गेले. बाकं रिकामी होती. नंतर कळलं, की लोकांनी येणं बंद केलं होतं.

आबा फळ्यापाशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. उंच, वाळलेला माणूस. कान आणि खांदा यांच्यात रिसीव्हर. ते लिहीत होते आणि म्हणत होते, "व्हय ताई... थांबा, खडू अडला... व्हय." फळ्यावर नऊ बातम्या होत्या. शब्द माझे होते, मी ज्या पद्धतीने वाक्य तोडते तसंच तोडलेलं. त्या दिवसाच्या बातम्या मी अजून पाहिल्याही नव्हत्या.

मी पुढे झाले आणि त्यांच्या खांद्यावरून रिसीव्हर काढून घेतला. त्यांनी विरोध केला नाही. कानाला लावला.

"दहा," माझा आवाज म्हणाला. "मुलगा घरी पोचला. तो जेवला. आता बापाने यावं." मग जरा थांबून, नेहमीच्या मायेनं, "लिहिलं का आबा?"

माझ्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हता. पलीकडचा आवाज थांबला. लाइन चालू होती. तिकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती. खाली बियाण्यांच्या दुकानात कुणीतरी बोलत होतं, तेही ऐकू येत होतं. मी रिसीव्हर खाली ठेवला. वळून पाहिलं तर आबा नव्हते.

त्यांचं घर देवळाच्या मागच्या बोळात होतं. मी पोचले तेव्हा मुक्ताबाई अंगणात पिठाचे हात तसेच धरून उभ्या होत्या. दार आतून बंद होतं.

"मला म्हनले, तू जरा भायेर थांब. हसून म्हनले. आन् कडी लावली." त्या माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "तुमी करुणाताई ना? आवाजावरनं वळखलं. आत कोन हाय वो?"

आत आबा बोलत होते. खुशीत, भरभर. बऱ्याच दिवसांनी कुणी ऐकणारं मिळालं की माणूस बोलतो तसं. समाधान लहानपणी विहिरीत पडला होता, ते सांगत होते. संपलं की दुसरा आवाज यायचा. तो म्हणायचा, "अजून?" आवाज तरुण नव्हता, म्हातारा नव्हता. बाईचा की पुरुषाचा तेही मला सांगता येणार नाही.

आबा पुढं सांगायचे. पहिली सायकल. पुराच्या वर्षी पाण्यातून नेलेली टपालाची थैली. आईच्या हातावरचं गोंदण. "अजून?" एकदा त्यांनी विहिरीची गोष्ट पुन्हा सुरू केली. दुसरा आवाज मध्येच म्हणाला, "हे झालं. दुसरं."

मी दारावर थापा मारल्या. हाका मारल्या. "आबा, सांगू नका! काही सांगू नका!" पण तो आवाज माझा होता. आतून आबा हसून म्हणाले, "व्हय ताई, सांगतोय, सांगतोय."

बाजूच्या भिंतीला खिडकी होती, तिची एक फळी फुटलेली. मी डोळा लावला. आत उजेड कमी होता. आबा जमिनीवर मांडी घालून बसले होते, तोंड माझ्याकडे, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा आनंदाने फुललेला. त्यांच्यासमोर कुणीतरी बसलं होतं. फळीमुळे मला त्याचा फक्त गुडघा आणि गुडघ्यावर ठेवलेला एक हात दिसत होता. आबांची एक गोष्ट संपली की त्या हाताचं एक बोट आत मिटायचं, लहान मुलं मोजतात तसं.

मी मोजायला नको होतं. पाच झाली. मग सहावं बोट मिटलं. सातवं. आठवं. हात एकच होता.

मी मागं सरले ती अंगणात पडले.

गावातल्या चार माणसांनी येऊन कडी मोडली तेव्हा आत आबा एकटे होते. ताट रिकामं होतं. दुसरं दार नव्हतं, खिडकीचे गज जागच्या जागी होते. मुक्ताबाई धावत त्यांच्याजवळ गेल्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. अदबीने थोडे सरकले, बसायला जागा केली.

"या, बसा," ते म्हणाले. "कुनाकडं आलाय आपन?"

७

डॉक्टरांनी पुण्यात तपासण्या केल्या. झटका आला असावा म्हणाले, पण मेंदूच्या फोटोत तसं काही दिसलं नाही. आबांना लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. भरवलं की जेवायचे. दुखणं-खुपणं काही नाही. चेहरा कोरा, धुतलेल्या पाटीसारखा.

मी केंद्र सोडलं. युवराजने मशीन उघडून आतली डिस्क काढली आणि दगडावर ठेचली, मी समोर उभी होते. आम्ही त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. महिन्याभराने मला इंदापुरात एका शाळेत काम मिळालं. फोनवर बोलायचं मी टाळते. बोलावंच लागलं तर बोलण्याआधी मोठ्याने श्वास घेते, म्हणजे समोरच्याला ऐकू यावा.

दिवाळीनंतर नरसिंहपूरला गेले. मुक्ताबाई त्यांच्याजवळ बसून बोलत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आलीस, पोरी? म्या रोज सांगत आसते ह्यांना. आपलं रान, आपली मानसं, समाधान. सांगून सांगून कायतरी ध्यानात यील की. लई मन लावून ऐकत्यात बघ."

ते खरंच मन लावून ऐकत होते. त्यांची नजर मुक्ताबाईंच्या ओठांवर होती. मुक्ताबाई शेतातल्या जुन्या चिंचेबद्दल बोलू लागल्या तेव्हा आबा, दोन महिन्यांत पहिल्यांदाच म्हणे, बोलले.

"हे झालं," ते म्हणाले.

मुक्ताबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी मला मिठी मारली. "बोलले! ऐकलंस? बोलले!" मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, मावशी, सगळं सांगू नका, काहीतरी स्वतःकडे ठेवा. त्या रागावल्या. "नवऱ्याला न्हाय सांगायचं तर कुनाला सांगायचं?" म्हणाल्या. त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता आलं नाही.

त्यानंतर मी एकदाच गेले, डिसेंबरच्या शेवटी. दुपारचं ऊन अंगणात होतं. दोघं दारात शेजारी शेजारी बसली होती. आबा पाहताक्षणी नीटनेटके दिसले, दाढी केलेली, टोपी स्वच्छ. मुक्ताबाईंनी मला "या, बसा" म्हटलं. पाणी आणून दिलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, मला वाटलं उन्हाने डोळे दिपले असतील. मग त्या माझ्याजवळ सरकल्या आणि आबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, काहीतरी लाजिरवाणं विचारावं तशा, विचारू लागल्या.

"तुमी ह्यांच्या वळखीच्या दिसताय, म्हनून इचारते. रोज कायतरी सांगावं लागतंय, आन् मला आता सुचंना झालंय. ह्यांचं लगीन कुनाशी झालं हुतं, तुमाला ठावं हाय का?"

दारात आबांनी मान वळवली आणि माझ्या ओठांकडे पाहू लागले.

मला ठाऊक होतं. मी तोंड मिटून घेतलं, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि स्टँडकडे चालू लागले.